स्क्रीनवर सात लिटर, अंगाला चार

हृदयाच्या थकलेल्या डाव्या कप्प्याला मदत म्हणून पंप बसवलेल्या रुग्णासोबत येणाऱ्या घरच्या माणसाच्या हातात बहुधा एक वही असते. पंपाचा वेग, पॉवर, फ्लो, वजन, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ घेतं त्याचा आकडा), सगळं तारीखवार. मागे एका काकूंनी ती माझ्यापुढे उघडली आणि जरा ठसक्यात म्हणाल्या, “मॅडम, फ्लो बघा. पाचाचा सात झालाय. तरी हे म्हणतात दम लागतो.” काका उशांना टेकून बसल्याबसल्या झोपत होते आणि पायावर बोट दाबलं की खळगा राहत होता.

मी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करते, त्यातही जास्त करून पंपवाल्यांचाच. फ्लो आपला आपण वाढला, की मला आधी संशय येतो.

स्क्रीनवर दिसणारा तो फ्लो कोणी मोजलेला नसतो. हार्टमेट ३ सारख्या पंपाचा वेग, त्याने खाल्लेली वीज आणि रुग्णाचं हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) यांवरून कंट्रोलर तो काढतो. तो अगदी बरोबर निघाला तरी पंपातून किती रक्त गेलं एवढंच त्यावरून कळतं. शरीराला किती मिळालं, हे कंट्रोलरला कुठून कळणार? डावा कप्पा आणि महाधमनी यांच्या मधली झडप, म्हणजे महाधमनीची झडप, गळत असेल तर पंपाने डाव्या कप्प्यातून उचलून महाधमनीत टाकलेल्या रक्तातला काही हिस्सा झडपेतून पुन्हा त्याच कप्प्यात उतरतो. पंप तो पुन्हा उचलतो आणि ये रे माझ्या मागल्या. पंप मिनिटाला सात लिटर ढकलतो, शरीराच्या वाट्याला येतात चार. झडप उघडतच नसेल तर हे पकडण्याची सरळ युक्ती आहे. उजव्या बाजूने कॅथेटर घालून फुप्फुसांकडे जाणारं रक्त मोजायचं. उजवीकडून तेवढंच जातं जेवढं शरीरभर फिरून परत आलेलं असतं. दोन आकड्यांतली तफावत, तेवढी गळती.

पंप लावण्याआधी धडधाकट असलेली झडपसुद्धा नंतर गळू लागते. निरोगी हृदयात ती दर ठोक्याला उघडते, तिच्या पापुद्र्यांवरचा, म्हणजे उघडझाप करणाऱ्या पातळ पडद्यांवरचा, ताण थोडा वेळ उतरतो. पंप मात्र डावा कप्पा अखंड रिकामा करत राहतो. कप्प्यातला दाब महाधमनीच्या दाबाच्या वर जातच नाही आणि झडप दिवसेंदिवस मिटलेली राहते. वरून दाब, खाली ओढ, विश्रांती नाही. कडा एकमेकींना चिकटतात, पापुद्रे खराब होतात, महाधमनीचं मूळ रुंदावतं. पंपाची नळी महाधमनीला ज्या कोनात जोडलेली असते त्यावर रक्ताची धार कुठे आदळते हे ठरतं, आणि त्याचाही या नुकसानीत हात असतो. हार्टमेट २ च्या पिढीच्या पंपांवर पहिल्या वर्षात साधारण २५ ते ३० टक्के रुग्णांत नव्याने गळती दिसायची. हार्टमेट ३ वर लक्षणीय गळतीचं प्रमाण कमी आढळलं. पण हे रुग्ण आता पंपावर वर्षानुवर्षं जगतात, त्यामुळे झडपेची झीजही वर्षानुवर्षं चालते.

इको करताना इथे एक मोठी चकवणूक आहे. एरवीची गळती हृदय सैल पडतानाच होते आणि आमच्या सगळ्या मोजपट्ट्या तेवढ्याच काळापुरत्या बनवलेल्या आहेत. पंपवाल्याची गळती आकुंचन चालू असतानाही चालूच असते. नेहमीच्या निकषांनी “सौम्य” लिहून मोकळं झालं तरी प्रत्यक्षात ती मध्यम किंवा त्याहून जास्त असू शकते. म्हणून मी रंगीत धारेवर थांबत नाही. पंपाच्या नळीतल्या प्रवाहाचा डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग, घेते आणि आकुंचनातला व प्रसरणातला वेग ताडून बघते. गळती मोठी असली की प्रसरणातही नळीतून रक्त जोरात धावताना दिसतं.

काकांचा सरासरी रक्तदाब १०४ निघाला. या रुग्णांची नाडी हाताला बहुतेक लागत नाही, म्हणून पट्टा बांधून डॉपलरने दाब बघतात. तो साधारण ७५ ते ९० मध्ये असावा. वर दाब जास्त तर गळती जास्त, इतका सरळ हिशोब आहे. त्यामुळे उपचार इथून सुरू होतो: दाबाच्या गोळ्या आणि लघवीची औषधं. यात कुणाला नवल वाटत नाही. त्यामुळेच ही पायरी उरकून टाकली जाते, आणि मला त्याचा राग येतो. झडपेचं काही करायचं म्हणून रुग्ण पाठवतात आणि तीन भेटींत कोणी दाब लिहिलेला नसतो.

मग येतो पंपाचा वेग. मी छातीवर प्रोब धरून बसते आणि पंपाची को-ऑर्डिनेटर मिनिटाला १०० फेऱ्यांच्या टप्प्याने वेग बदलते. एम-मोडवर, म्हणजे झडपेची हालचाल रेघेत दाखवणाऱ्या इकोच्या चित्रावर, छोटी चौकोनी डबी उमटली, की झडप उघडली. नुसती रेघ राहिली, की बंद. वेग उतरवून दर काही ठोक्यांना तरी झडप उघडते का ते बघायचं. झडप अजून चांगली असेल तेव्हा हे फार उपयोगी आहे. गळती वाढल्यावर मात्र पेच पडतो. वेग कमी केला की फुप्फुसात पाणी साचतं. वाढवला की कप्पा रिकामा होतो, दम कमी लागतो, सगळे खूश होतात. पण महाधमनी आणि कप्पा यांच्या दाबातलं अंतर वाढतं आणि गळतीही वाढते. थोडे दिवस उसना आराम मिळतो.

हार्टमेट ३ दर दोन सेकंदांनी वेग क्षणभर खाली नेऊन वर चढवतो. “मग झडप उघडत असेलच ना?” असं बरेच जण विचारतात. ती सोय मुळात पंप आतून धुतला जावा, गुठळी होऊ नये यासाठी आहे. त्यावर झडपेचा भरवसा ठेवू नये.

खरं तर सगळ्यात स्वस्तात सुटणारी वेळ म्हणजे पंप बसवण्याचा दिवस. छाती उघडलेलीच असते. तेव्हाच सौम्यपेक्षा जास्त गळती दिसत असेल तर सर्जन झडपेच्या तिन्ही पापुद्र्यांच्या मध्यावरच्या गाठी, ज्यांना अरांटियसच्या गाठी म्हणतात, एकमेकींना शिवून टाकतात. सून पार्क यांनी २००४ मध्ये मांडलेला हा टाका त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मधलं भोक बुजतं, कडेला वाट राहते, त्यामुळे पंप बंद पडलाच तर हृदयाला थोडं तरी रक्त बाहेर टाकता येतं. पापुद्रे नाजूक असतील तर टाका फाटून गळती परत येऊ शकते. दुसरा मार्ग जैविक झडप बसवण्याचा, तिसरा झडपेचं तोंडच पट्टीने बंद करण्याचा. तिसऱ्यात रुग्ण पूर्णपणे पंपाच्या भरवशावर राहतो.

ती वेळ टळली आणि गळती नंतर वाढली, तर छाती पुन्हा उघडणं फार जोखमीचं असतं. म्हणून मांडीतून कॅथेटरने झडप बसवण्याकडे, म्हणजे टावीकडे सगळ्यांचे डोळे लागतात. आलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये रुआँ इथे पहिल्यांदा अशी झडप बसवली, ती अरुंद झालेल्या, चुना साठून कडक झालेल्या झडपेसाठी. नवी झडप त्या चुन्यातच घट्ट रुतते. पंपवाल्याच्या झडपेत चुना नसतो, मऊ पापुद्रे आणि रुंद मूळ असतं. नवी झडप धरणार कशाला? त्यातून वरचा दाब आणि पंपाची ओढ, दोन्ही तिला कप्प्यात खेचणारे. ती खाली घसरून पंपाच्या तोंडाशी गेली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. म्हणून मापापेक्षा मोठी झडप निवडतात, बसवताना पंपाचा वेग उतरवतात, पेसिंगने, म्हणजे विजेच्या ठोक्यांनी, हृदय झपाट्याने पळवून त्याची धडक कमी करतात. कडेने गळती राहिली किंवा झडप हलली तर तिच्यात दुसरी घालावी लागते. माप घ्यायला सीटी लागतो, त्यात पंपाच्या धातूमुळे चित्र बिघडतं आणि डायमुळे आधीच थकलेली मूत्रपिंडं कुरकुरतात.

जेनाव्हॉल्व्ह कंपनीची ट्रिलॉजी झडप मला त्यातल्या त्यात आशादायक वाटते. तिला रुग्णाच्याच पापुद्र्यांना पकडणारे तीन चिमटे आहेत, चुन्याची गरज नाही. तिला २०२१ मध्ये युरोपची मान्यता मिळाली, आणि गळत्या झडपेच्या १८० रुग्णांवरचा अलाइन-एआर अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पंपवाल्यांमध्ये ती वापरल्याचे अनुभवही प्रसिद्ध झाले आहेत. तरी बसवलेली झडपही बंदच राहिली तर तिच्यावर गुठळी जमू शकते, म्हणजे दाब, वेग आणि वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) यांची राखण सुटत नाही.

कप्प्यांमधली भोकं बुजवणारी बटणं झडपेत लावूनही गळती थांबवता येते. मी त्याच्या बाजूची नाही. बटणाच्या जाळीतून रक्त जोरात घुसलं की लाल पेशी फुटतात, लघवी काळपट होते, आणि हृदयाची स्वतःची वाट कायमची बंद. प्रत्यारोपणाला पात्र असलेल्याला प्रत्यारोपणच करावं. पंप आणि झडप दोन्ही प्रश्न तिथे संपतात.

काकांचा दाब उतरला तेव्हा गळती थोडी कमी झाली, पण नाहीशी झाली नाही, आणि काकूंनी लगेच विचारलं, “मग झडप कधी बसवायची?” मी सांगितलं, आधी उजवा कप्पा बघू. गळती बंद झाली की शरीराकडे जास्त रक्त जातं आणि तेवढंच उजव्या बाजूला परत येतं. उजवा कप्पा ते पुढे ढकलू शकला नाही तर झडप कितीही सुबक बसली तरी पायाची सूज आणि यकृताचा फुगा तसाच राहतो, आणि डाव्या बाजूच्या पंपाला उचलायला रक्तच मिळत नाही. म्हणून उजव्या बाजूचा कॅथ (कॅथेटर घालून केलेली तपासणी) झाल्याशिवाय टावीच्या बैठकीत मी हो म्हणत नाही, सर्जन कितीही घाईत असले तरी.