श्वास अडतो तो सोडताना

दुसरीच्या वर्गात फुप्फुसं शिकवताना मी आधी मुलांना शेजारच्याचे श्वास मोजायला लावते. स्वतःचे मोजायला गेलं की लक्ष जाऊन श्वासाची लयच बदलते. सातेक वर्षांच्या मुलाचे मिनिटाला 20 च्या आसपास भरतात. त्या दिवशी एका मुलीचे 32 भरले. मोजणारा म्हणाला, "बाई, ही मुद्दाम करतेय." तिला दमा आहे हे मला माहीत होतं, दप्तरात पंप असतो हेही. बरं वाटत नाहीये का, असं विचारलं तर तिने नुसती मान हलवली. मग मी तिला पंप घ्यायला लावला, थोडा वेळ शेजारी थांबले. श्वास संथ झाल्यावरच पुढे सरकले.

टेबलावर बाटलीचं फुप्फुस होतं. बूड कापलेली प्लास्टिकची बाटली, झाकणातून आत गेलेली स्ट्रॉ, तिच्या टोकाला फुगा आणि बुडाला ताणून बसवलेलं रबर. रबर खाली ओढलं की आतला फुगा फुगतो, कोणी न फुंकता. हवा शिरते म्हणून छाती फुगते असं मुलांना वाटतं. खरं तर श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला स्नायूचा पडदा, खाली सरकतं, बरगड्या उचलल्या जातात, आत जागा वाढते आणि म्हणून हवा येते. हे पटायला वेळ लागतो, तो मी देते.

एकाने विचारलं, "मग दम्यात काय होतं?"

मी म्हणाले, "नळ्या आवळतात, हवा आत जात नाही."

"जाते," ती म्हणाली. "बाहेर येत नाही."

ती उठून पुढे आली. मला रबर ओढायला लावलं, फुगा फुगला. मग तिने दोन बोटांत स्ट्रॉ चिमटून धरली आणि म्हणाली, "आता सोडा." फुगा तसाच फुगलेला. चिमटीतून बारीक सूं असा आवाज येत होता. "आता अजून हवा घ्या." मी पुन्हा रबर ओढलं, पण फुगा आधीच भरलेला. नवी हवा जाणार कुठे?

वर्ग चिडीचूप झाला. इतकी वर्षं मी हा पाठ घेते आणि अर्धीच गोष्ट सांगत आले होते. श्वास घेताना छाती ताणली जाते तेव्हा आतल्या नळ्याही थोड्या रुंदावतात, सोडताना अरुंद होतात. सुजून आवळलेल्या नळ्यांमध्ये हवा अडकते ती मुख्यतः तेव्हाच. घरघरही बहुतेकदा श्वास सोडतानाच ऐकू येते. हे मी वाचलेलं होतं, पण मुलांसमोर कधी आणलं नव्हतं.

तिचे श्वास मोजणारा मुलगा जागेवरून उठला आणि स्ट्रॉ चिमटून बघू लागला. तिने त्याची बोटं थोडी सैल केली. "एवढी घट्ट नाही. एवढी झाली तर दवाखान्यात न्यावं लागतं."

आता माझ्या पिशवीत दोन बाटल्या असतात, एकीला जाड स्ट्रॉ आणि दुसरीला बारीक.