४५ दिवसांचा कायदा, २५ नगांची बॅच

दुसरं व्हीएमसी (धातूचे भाग कापणारं संगणकचालित मिलिंग मशीन) घ्यायचंय, बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट करून द्या, एवढंच काम माझ्याकडे आलं होतं. वर्षाला तीन कोटींच्या आसपास उलाढाल असलेलं मशिनिंगचं युनिट, सरकारच्या उद्यम नोंदणीत (लहान-मध्यम उद्योगांची नोंदणी) सूक्ष्म गटात, आणि दोन-तृतीयांश माल एकाच कंपनीला जाणारा. ऑर्डरी वेळेत निघत नाहीत, म्हणजे मशीन कमी पडतंय, असं मालकांचं म्हणणं. कर्जाच्या व्याजात सरकारी सवलत मिळतेय, तर आत्ताच घेऊन टाकू.

अशा रिपोर्टात असलेल्या मशीनचा वापर किती, हे लिहावं लागतं. म्हणून कंट्रोलरवरून तास काढले. मशीन दिवसभर चालू दिसत होतं, पण प्रत्यक्ष सायकल चालल्याचा वेळ निम्म्याहून कमी. बाकीचा वेळ सेटिंगमध्ये आणि कास्टिंगची (ओतीव कच्च्या नगांची) वाट बघण्यात जात होता. ज्या मशीनला निम्मा दिवस काम नाही, त्याच्या शेजारी तसंच दुसरं उभं करायला कर्ज काढायचं होतं.

कारण जॉब कार्डांत सापडलं. बेअरिंग कॅपचा जॉब घ्या. फिक्श्चर (नग धरायची पकड) बदला, टूल ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) घ्या, पहिला नग तपासून घ्या, या सगळ्या सेटिंगला ९० मिनिटं. नंतर नगामागे ६ मिनिटं. १०० नगांची बॅच लावली तर एकूण ६९० मिनिटं, म्हणजे नगाला ६.९. २५ नगांची लावली तर २४० मिनिटं, नगाला ९.६. आठ तासांच्या पाळीत पहिल्या हिशेबाने ६९ नग पडतात, दुसऱ्याने ५०. ऑपरेटर तोच, पगार तोच, विजेचा आकारही जवळपास तोच. वर्षभरापूर्वीची कार्डं शंभराच्या बॅचची होती. अलीकडची बहुतेक पंचविसाची.

पंचवीसच का? कारण फाउंड्री तेवढ्याच कास्टिंगचे पैसे रोख मागून तेवढीच देत होती. तिची जुनी बाकी थकली होती. ती का थकली, तर मोठ्या कंपनीकडून पैसे येईनात. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) लिहिलं होतं, ‘जीआरएननंतर ९० दिवस’. जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची त्यांची नोंद, पडायलाच दोन-तीन आठवडे लागायचे, आणि बिलं पास व्हायची महिन्यातून ठरावीक तारखांना. प्रत्यक्षात माल गेल्यापासून पैसे येईपर्यंत सरासरी १३० दिवस.

वर्षाची दोन कोटींची विक्री १३० दिवस अडकली तर कुठल्याही दिवशी साधारण ७१ लाख बाहेर असतात. ४५ दिवसांत पैसे आले असते तर २५ लाखांच्या आत असते. हा फरक ४६ लाखांचा. जीएसटी वेगळा: बिल निघालं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला रिटर्नसोबत कर भरायचा, पार्टीने पैसे दिलेले असोत वा नसोत.

बँकेकडेही जागा नव्हती. लहान उद्योगांना सीसी लिमिट (खेळत्या भांडवलाची कर्जमर्यादा) देताना नायक समितीची जुनी पद्धत अजून वापरतात: अंदाजित उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल धरायचं, त्यातले २० टक्के बँकेचे, ५ टक्के मालकाचे. यामागे तीन महिन्यांचं चक्र गृहीत आहे. इथे एकट्या उधारीनेच चार महिने खाल्ले होते. वर, ९० दिवसांपलीकडची येणी बँक ड्रॉइंग पॉवर (प्रत्यक्षात किती उचलता येईल तो आकडा) काढताना धरत नाही. १३० दिवसांच्या चक्रात सुमारे २२ लाखांची बिलं अशी बाद होतात. म्हणजे पार्टी जितकी उशीर करेल, तितकी बँकही हात आखडता घेते.

कायदा मात्र स्पष्ट आहे. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा २००६, कलम १५: लेखी करार काहीही म्हणो, सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर कलम १६प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. त्या वेळी बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. दहा लाख सहा महिने थकले तर १ लाख ५ हजार ६०० रुपयांच्या पुढे. पीओवरचे ९० दिवस कायद्यापुढे टिकत नाहीत.

मी हे सांगितल्यावर मालक म्हणाले, “साहेब, व्याज मागितलं तर पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाईल.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि हा कायदा इथेच अडतो. तो चालू करायला तक्रारदार लागतो, आणि तक्रारदाराची रोजीरोटी त्याच पार्टीवर असते. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करता येतो, प्रकरण सुविधा परिषदेकडे (अशा थकबाकीसाठीच्या राज्याच्या मंडळाकडे) जातं, आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला की लवाद. कलम १८ प्रकरणं ९० दिवसांत निकाली काढा म्हणतं. इतकं लवकर सुटलेलं प्रकरण माझ्या तरी हातून गेलेलं नाही. दिवाणी न्यायालयात जायचं तर जागतिक बँकेच्या २०२०च्या अहवालात भारतात व्यापारी दावा तडीस न्यायला १,४४५ दिवस धरले होते. (ती अहवालमाला आकड्यांतल्या गोंधळामुळे २०२१मध्ये बंद झाली, पण कोर्टाची पायरी चढलेल्या कुणाला हा आकडा फुगवलेला वाटेल, असं मला वाटत नाही.) निकाल हाती आलाच तर एक गोष्ट पुरवठादाराच्या बाजूची आहे: खरेदीदाराला तो रद्द करून मागायचा असेल तर कलम १९नुसार आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

तक्रार करायची की नाही हे पुढचं. आधी कागद जुळवायला बसलो आणि खरी मेख तिथे निघाली. ४५ दिवस मोजायचे कुठून? बिलाच्या तारखेपासून नाही, जीआरएनपासूनही नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस. हरकत आली, तर ती दूर केल्याचा दिवस. म्हणून प्रत्येक लॉटसाठी डिलिव्हरी चलनावरचा गेटचा शिक्का, ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटी दाखला) आणि रिजेक्शन नोट अशी तीन कागदं शेजारी ठेवायची. बऱ्याच चलनांवर शिक्का होता, पण तारखेच्या जागी शाईचा डाग. ती सगळी ई-वे बिलावरून आणि ट्रान्सपोर्टच्या पावतीवरून बसवावी लागली.

रिजेक्शन नोटांचा ढीग बघताना एक गोष्ट लक्षात आली. जवळजवळ सगळ्या हरकती बोअरच्या (आतल्या भोकाच्या) मापाच्या होत्या आणि त्या वाढल्या होत्या गेल्या काही महिन्यांतच. सेटरला विचारलं. इन्सर्टची (हत्यारावरच्या बदलायच्या पात्याची) धार संपली तरी नवी पेटी येईपर्यंत तीच ओढायची, ऑफसेट देऊन माप सांभाळायचं, असं चाललं होतं. पेटी का येत नाही? टूलवाल्याची बाकी. म्हणजे पैसे उशिरा, म्हणून इन्सर्ट झिजलेला, म्हणून बोअर मापाबाहेर, म्हणून लेखी हरकत, म्हणून स्वीकृतीची तारीख पुढे, म्हणून पैसे आणखी उशिरा. कायदेशीर घड्याळसुद्धा त्या झिजलेल्या धारेने मागे सरकत होतं. हे कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. तिथे फक्त ‘येणी वाढली’ आणि ‘उत्पादन घटलं’ अशा दोन वेगळ्या ओळी येतात.

तो मार्च २०२४ होता, आणि त्या वर्षापासून १९६१च्या आयकर कायद्याचं कलम ४३बी (एच) लागू झालं होतं. सूक्ष्म-लघु पुरवठादाराची मुदतीबाहेरची बाकी ३१ मार्चला उभी असेल, तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. रिटर्न भरायच्या आत दिले तरी चालतं, ही ४३बीमधली इतर देण्यांची सवलत इथे नाही. मी व्याजाचा तक्ता बाजूला ठेवला आणि एका पानाचं पत्र केलं: लॉटवार चलन क्रमांक, पोचल्याची तारीख, ४५वा दिवस, रक्कम. खाली उद्यम क्रमांक आणि एकच ओळ, की ४६ लाख मुदतीबाहेर आहेत. कंपनीचा कर साधारण २५.१७ टक्के धरला तर त्या वर्षी साडेअकरा लाखांचा जादा कर, हा हिशेब त्यांचा त्यांनी करावा. पत्र खरेदी विभागाला न पाठवता अकाउंट्सला, प्रत कर सल्लागाराला. खरेदीवाल्याला भाव दिसतो, कर दिसत नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळे ४६ लाख जमा झाले. ना तक्रार, ना व्याज, ना कटुता. २००६पासून कागदावर असलेल्या हक्काने जे झालं नव्हतं, ते कराच्या एका उपकलमाने केलं, कारण ते चालू व्हायला पुरवठादाराला तोंड उघडावं लागत नाही. ते खरेदीदाराच्या स्वतःच्या ऑडिटमध्ये उगवतं. जीएसटीत हेच दिसतं: १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत तर इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची घेतलेली वजावट) उलटवावं लागतं, म्हणून त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये १८० दिवसांचा इशारा लावलेला होता. ४५चा नव्हता.

एप्रिलमध्ये फाउंड्रीची बाकी चुकती झाली, बॅच पुन्हा शंभराची लागली, इन्सर्टची पेटी कपाटात आली. पाळीला साठाच्या वर नग पडू लागले. दुसऱ्या मशीनचा रिपोर्ट मी केला नाही. मालक थोडे नाराज झाले, कारण सवलतीची मुदत निघून जात होती. यंत्रासाठी सवलत देणं सरकारला सोपं जातं, उद्घाटनही होतं. येणी वेळेत येतील अशी व्यवस्था उभी करणं जास्त किचकट आहे, पण इथे तरी जादा उत्पादन तिथूनच मिळालं.

पावसाळ्यात पैसे पुन्हा लांबायला लागले. ४३बी (एच) फक्त ३१ मार्चचा फोटो काढतं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत स्वीकारलेला माल मार्चअखेर चुकता केला की काम झालं. मधले दहा महिने कुणी बघत नाही. आणखी एक वाईट परिणाम दुसऱ्या पार्ट्यांकडे बघितला: हे कलम मध्यम उद्योगांना लागू नाही, म्हणून काही खरेदीदार मध्यम गटातला पुरवठादार शोधू लागले, तर काहींनी तोंडीच सुचवलं की उद्यम नोंदणी रद्द करून या.

मधल्या महिन्यांसाठी ट्रेड्सचा (बिलं वटवायच्या ऑनलाइन बाजाराचा) मार्ग उरतो. बिल प्लॅटफॉर्मवर चढवायचं, खरेदीदाराने ते मान्य केलं की बँका बोली लावतात, कमीत कमी दराच्या बोलीला पैसे दोन-तीन दिवसांत मिळतात, आणि खरेदीदाराने नंतर बुडवले तरी बँक पुरवठादाराच्या मागे येत नाही. दर खरेदीदाराच्या पतीवर ठरतो, म्हणून लहान युनिटला स्वतःच्या सीसीपेक्षा तो स्वस्त पडू शकतो. आधी ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांनाच यावर नोंदणी सक्तीची होती, आमची पार्टी त्याखाली होती. नोव्हेंबर २०२४च्या अधिसूचनेने मर्यादा २५० कोटींवर आली, मुदत ३१ मार्च २०२५. त्यांनी नोंदणी केली. पण सक्ती नोंदणीची आहे, बिल मान्य करण्याची नाही. आणि मान्य करायचं म्हटलं तरी त्यांच्या पद्धतीत जीआरएन पडल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही.

म्हणून पुढच्या वार्षिक पीओच्या वेळी दराच्या जोडीने दोन वाक्यं मागून घेतली: गेटवर आल्यापासून सात दिवसांत लेखी रिजेक्शन आलं नाही तर माल स्वीकारला असं धरलं जाईल, आणि आठव्या दिवशी बिल ट्रेड्सवर मान्य होईल. बदल्यात मालकांनी नगामागे थोडा भाव सोडला. जॉब कार्डं शंभराच्या बॅचचीच राहतात ना, हे आता दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंटसोबत मागवून घेतो.