मधला हात

भिंतीवर एवढे सरळ पट्टे काढताना हात थरथरत नाही का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: थरथरतो. माझं वय आता 58, त्यातली तीसेक वर्षं शिडीवर गेली. सकाळचा चहा पोटात जाईपर्यंत हातातली बशीसुद्धा वाजते. तरी कुणाच्या घरी भिंतीवर पट्टे काढून झाले, की बघायला आलेलं माणूस हटकून हेच विचारतं. एवढी सरळ रेघ, हात हलला कसा नाही? आचऱ्याच्या एका काकींनी तर माझा उजवा हात धरून उलटसुलट करून पाहिला. "मशीन खय लपयलंस रे?"

मी मूळचा पाट्या रंगवणारा. मालवणात दुकानांच्या पाट्या, होड्यांवरची नावं, मोटरसायकलचे नंबर. तिथे हात लागायचा. काठीच्या टोकाला चिंधीचा बोंडा बांधायचा, तो पाटीवर टेकवायचा आणि त्या काठीवर मनगट ठेवून अक्षर ओढायचं. मग फ्लेक्स आला, पाट्या गेल्या आणि मी पाटीवरून भिंतीवर आलो. भिंतीवरच्या पट्ट्यात मनगटाला काम सगळ्यात कमी. दहा फुटांची रेघ नुसत्या हाताने ओढणारा मी तरी अजून पाहिला नाही.

अर्थात हे टेपचं काम आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते एवढंच, की हा टेप मुळात पट्ट्यांच्याच भांडणातून जन्मला. अमेरिकेत थ्रीएम कंपनीत रिचर्ड ड्रू नावाचा एक तरुण होता. पॉलिशपेपर कसा चालतो ते बघायला तो गाड्या रंगवणाऱ्यांकडे जायचा. तेव्हा दोन रंगांच्या मोटारींची फॅशन होती. एक रंग झाकून दुसरा मारायला कारागीर कागद चिकटवायचे आणि तो काढताना खालचा रंगही उपटून यायचा. त्यांच्या शिव्या ऐकून ड्रूने 1925 साली मास्किंग टेप केला. शंभर वर्षं झाली, शिव्या मात्र अजून चालू आहेत. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांचं गाऱ्हाणं एकच असतं: "टेप लावला होता हो, तरी रंग आत शिरला."

शिरणारच. आपल्या भिंतीवर तळहात फिरवून पाहा. पुट्टी मारलेली असली तरी बारीक खरखर लागते, आणि साध्या प्लास्टरवर तर वाळूचा कण न् कण जाणवतो. टेप त्या कणांच्या डोक्यांवर बसतो, मधल्या खळग्यांत उतरत नाही. रंग पातळ असतो, त्याला तेवढी वाट पुरते. टेप सोलला की कडेला करवतीचे दात. अंगठ्याने कितीही दाबा, नखाने घासा, थोडे दात राहतातच.

प्रश्न हाताचाच आहे म्हणा, पण रंगाच्या हाताचा. समजा, भिंत पांढरी आहे आणि त्यावर निळे पट्टे हवेत. टेप लावला, की लोक लगेच निळा घेतात. मी पुन्हा पांढरा घेतो. तोच, त्याच डब्यातला, भिंतीवर आधी मारलेला. टेपच्या ज्या कडेला निळा येणार, तिच्यावरून पांढऱ्याचा एक पातळ हात फिरवतो. टेपखाली जी काही भोकं असतात त्यांत जो रंग शिरायचा तो हा पांढरा शिरतो, आणि पांढऱ्यावर पांढरा कुणाला दिसणार? तो सुकला, की वाट बुजली. मग निळ्याचे दोन पातळ हात. घरमालक खुर्चीत बसून बघत असेल तर या मधल्या हाताच्या वेळी नेमका अस्वस्थ होतो. "अहो, निळा ठरला होता ना?" एकाने तर बायकोला हाक मारून सांगितलं, की पेंटरला रंग समजत नाहीत.

निळ्याचा दुसरा हात अजून चिकट असतानाच टेप काढायचा. पुरता सुकू दिला तर टेपवरचा आणि भिंतीवरचा रंग मिळून एकच साल होते आणि कडेला फाटते. काढताना टेप भिंतीपासून सरळ बाहेर ओढायचा नाही. तो मागे दुमडून, तिरका, सावकाश काढायचा. उशीर झालाच तर कडेने ब्लेडची हलकी रेघ मारायची आणि मग ओढायचा. तो सोलताना जी कड उघडी पडते ना, तेवढ्यासाठी मी अजून हे काम करतो, खोटं कशाला सांगू.

हिशोब सोपा आहे. 11 फूट 4 इंचांची भिंत म्हणजे 136 इंच, आठ इंची पट्टे घेतले तर बरोबर सतरा. विषम संख्या घ्यावी, म्हणजे दोन्ही कोपऱ्यांत एकच रंग येतो. चुका होतात त्या टेपच्या रुंदीत. टेप रंगवायच्या पट्ट्याच्या बाहेरून लावायचा असतो. त्यामुळे न रंगवायचे पट्टे टेपखाली जाऊन बारके दिसतात, रंगवायचे रुंद दिसतात, आणि डोळा फसून माणूस टेप उचलून आत सरकवतो. मी न रंगवायच्या प्रत्येक पट्ट्यात टेपचीच छोटी फुली चिकटवून ठेवतो. खुणा साध्या पेन्सिलीने, हलक्या हाताने. सुतारासारखं गेरूत बुडवलेलं सूत फिक्या रंगावर मारू नका, ती लाली नंतर वर येत राहते.

आता सरळपणाबद्दल, कारण मूळ प्रश्न तोच होता. नव्या फ्लॅटमध्ये ओळंबा सोडला, पाण्याच्या नळीने दोन टोकांना लेव्हल घेतली, नळीत बुडबुडा अडकला नाही ना एवढं पाहिलं, की झालं. आमच्याकडची जुनी घरं मात्र जांभ्याच्या चिऱ्यांची, वर वासे, कौलं. ती उभी आहेत, पण काटकोनात उभी आहेत असं कुणी छातीठोकपणे सांगू नये. देवगडकडच्या एका माजघरात तुळईच्या खाली आडवा पट्टा हवा होता. मी नळीने लेव्हल घेतली, केसाइतका फरक नाही. टेप काढला, मागे सरकून पाहिलं, तर पट्टा घसरगुंडीसारखा दिसत होता. पट्टा बरोबर होता, तुळईच उतरलेली. डावीकडे दोघांत दीड इंच अंतर, उजवीकडे तीन. घरातल्या म्हातारबाबांनी पडवीतूनच निकाल दिला: "वाकडो मारलंस." नळी धरून दाखवली. ते म्हणाले, "नळी घेवन कोण जेवक बसतला हंय?"

त्यांचं खरं होतं. तो पट्टा मी पुसला आणि हातभर खाली घेतला. तिथे तुळईशी तुलना करायला डोळ्याला सोय राहत नाही, आणि लेव्हलमधला पट्टा लेव्हलमध्ये दिसतो. उभ्या पट्ट्यांना असं खाली-वर होता येत नाही. तिथे मी कोपऱ्यातून सुरुवात करतच नाही. खोलीत शिरल्यावर नजर पहिली जिथे पडते तिथून, बहुतेक वेळा दाराच्या चौकटीशेजारून, मापायला लागतो. चौकट थोडी कलली असेल, तर तिच्या आणि ओळंब्याच्या अधेमधे कुठेतरी तडजोड करून दोन-तीन पट्ट्यांत तो कल वाटून टाकतो. कोपऱ्यातला शेवटचा पट्टा पाऊण इंच कमी भरला, तर कपाटामागे कोण बघतो? हे ऐकून नवीन पोरं माझ्याकडे संशयाने बघतात.

चकचकीत पट्ट्यांचं खूळही मला पसंत नाही. एकाच रंगाचा एक पट्टा मॅट आणि एक ग्लॉस, फोटोत फार सुंदर दिसतं. जुन्या भिंतीवर खिडकीतून तिरकं ऊन आलं की ग्लॉसचा पट्टा प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा मोठ्याने वाचून दाखवतो. मॅट घ्या, झाकली मूठ राहते.

राहिली ओल. आपल्या किनाऱ्यावर पावसाचे चार महिने मिळून तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभा पाणी पितो. भिंत आतून ओली असली की वरून ती सुकल्याचं सोंग छान करते. आणि सगळ्या कोकणाला रंग लावायचा असतो तो नेमका त्याच दिवसांत, गणपतीच्या आधी. मुंबईहून चाकरमानी येणार, माटवी, म्हणजे गणपतीवर टांगायची रानफळा-फुलांची चौकट, सजणार, मागची भिंत नवी हवी. मीही एकदा भरीला पडलो. श्रावण संपता संपता, गणपतीच्या खोलीत, केशरी पट्टे. मधला हात, दोन पातळ हात, सगळं यथासांग. टेप ओढला तर टेपबरोबर रंग, रंगाबरोबर पुट्टी, लांबच लांब फीत होऊन हातात आली. मागे काळपट ओली भिंत, आणि गणपती परवा. त्या घरच्या काकी एक शब्द बोलल्या नाहीत. आत गेल्या, ट्रंकेतलं हिरवं नऊवारी आणलं आणि माझ्याच हातोडीने खिळे मारून भिंतीवर ताणलं. पुढे कांगण्या, कवंडाळं, हरणाची फुलं बांधली. आरतीला आलेल्या सगळ्यांनी मखराचं कौतुक केलं. पैसे मी घेतले नाहीत, त्यांनीही दिले नाहीत.

तेव्हापासून टेप लावण्याआधी भिंतीला विचारतो. फूटभर स्वच्छ प्लॅस्टिक घ्यायचं, चारी कडा टेपने घट्ट बंद करायच्या, एक रात्र ठेवायचं. सकाळी आतल्या बाजूला दव धरलं असेल तर भिंत अजून पाणी सोडते आहे. मग रंगाच्या डब्याला हात लावायचा नाही, आणि नवीन प्लास्टर असेल तर महिनाभर तरी वाट पाहायचीच. मूळ रंगालाही टेप सोसण्याइतका वेळ द्यावा लागतो. कोरड्या हवेत मी एक दिवस आणि एक रात्र धरतो, पावसाळ्यात हे काम धरतच नाही.

यंदाही जुलैत दादरहून एकाचा फोन आला. गावच्या घरी हॉलमध्ये पट्टे हवेत, गणपतीआधी होईल ना? म्हटलं, नाही. या वर्षी भिंतीपुढे कापड लावा, पट्टे दिवाळीनंतर. ते जरा रागावले, मग म्हणाले चावी शेजारी असते. दिवाळी झाल्यावर मी जाऊन प्लॅस्टिक चिकटवून आलो आणि शेजारच्या वैनींना सांगून ठेवलं, उद्या सकाळी तेवढं बघून कळवा. सकाळी सातला फोन वाजला. माझ्या हातात बशी होती.

"पाणी नाय रे," त्या म्हणाल्या. "एक मुंगी गावली हा तेवढी."