एका धावेचं सुतक

एप्रिल उजाडला की संध्याकाळी सातच्या सुमाराला आमच्या घरात एक प्रश्न विचारला जातो. बाबा चष्मा पुसत टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसतात, टॉसचं नाणं वर उडतं आणि ते विचारतात, "आज आपण कोणाकडून?"

मुंबईतल्या घरात हा प्रश्न कुणाला पडत नाही. तिथे २००८ पासून उत्तर ठरलेलं आहे. चेन्नईत असं विचारणाऱ्याला डॉक्टरकडे नेतील. पण आम्ही पुणेकर. आयपीएलमध्ये आमचा संघ एकदा नाही, दोनदा झाला आणि दोन्ही वेळा गेला. त्यामुळे उन्हाळ्याचे दोन महिने आम्ही रोज संध्याकाळी कुणाच्या तरी बाजूला जाऊन बसतो आणि रात्री साडेअकराला तिथून उठून हात धुतो.

सुरुवातीला असं नव्हतं. म्हणजे संघ नव्हता, पण नसल्याचं दुःखही नव्हतं. १८ एप्रिल २००८ ला पहिल्याच सामन्यात कोलकात्याच्या ब्रेंडन मॅकलमने ७३ चेंडूंत नाबाद १५८ धावा कुटल्या आणि बंगळुरूचा अख्खा संघ ८२ धावांत आटोपला. बाबा म्हणाले, "हे क्रिकेट नव्हे, हे लग्नातले फटाके." आणि शेवटच्या चेंडूपर्यंत जागचे हलले नाहीत. पुढची तीन वर्षं आम्ही सचिनसाठी मुंबईच्या बाजूने होतो. पाठिंबा सचिनला होता, मुंबईला नव्हता. हा फरक बाहेरच्यांना समजावून सांगायला जरा वेळ लागतो.

मग २०११ मध्ये पुणे वॉरियर्स आले. आपला संघ, आपलं नाव, आणि घरचं मैदान? नेरुळला. गहुंज्याचं स्टेडियम तयार नव्हतं, त्यामुळे पुण्याच्या संघाला घरच्या मैदानावर बघायचं तर घाट उतरून नवी मुंबईत जायचं. पुढच्या वर्षी गहुंजे तयार झालं. तेही द्रुतगती मार्गाला लागून, म्हणजे पुणं संपल्यावर लागतं, पण आम्ही कुरकुर केली नाही. (केली. पण थोडी केली.) पहिल्या वर्षी दहा संघांत नववे, दुसऱ्या वर्षी नऊ संघांत नववे, तिसऱ्या वर्षी नऊ संघांत आठवे. सातत्य सातत्य म्हणतात ते हेच असावं.

त्या तीन वर्षांतल्या दोन गोष्टी मात्र मी कुणालाही सांगतो. पहिली मे २०१२ ची. सौरव गांगुली आमचा कर्णधार आणि सामना ईडन गार्डन्सवर, कोलकात्याशी. त्या दिवशी कोलकात्याच्या प्रेक्षकांतले कितीतरी जण चक्क पुण्यासाठी ओरडत होते. ते दादासाठी, म्हणजे त्यांच्या गावच्या गांगुलीसाठी ओरडत होते हे आम्हाला कळत होतं. पण एवढा मोठा पाठिंबा आम्हाला आयुष्यात एकदाच मिळाला, तो उसना असला म्हणून काय झालं? सात धावांनी हरलो, ते सोडा.

दुसरी गोष्ट २३ एप्रिल २०१३ ची. ख्रिस गेलच्या ६६ चेंडूंतल्या नाबाद १७५ धावा सगळ्यांना आठवतात. त्या धावा कुणाविरुद्ध होत्या, हे कुणाला आठवत नाही. आमच्याविरुद्ध होत्या. बंगळुरूच्या त्या २६३ धावांचा विक्रम जवळजवळ अकरा वर्षं टिकला आणि तेवढी वर्षं पुण्याचं नाव विक्रमांच्या यादीत राहिलं. 'विरुद्ध' या रकान्यात का असेना, राहिलं.

त्या मोसमानंतर वॉरियर्स गेले. तेराव्यालाही कुणी आलं नाही.

२०१६ मध्ये मात्र लॉटरीच लागली. चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांवर दोन वर्षांची बंदी आली आणि त्या जागी पुणे आणि राजकोट आले. शाळेत बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या की बदली शिक्षक येतात, तसे आम्ही. पण बदलीवर आलो तरी सोबत धोनी होता! आमच्या गल्लीत त्या दिवशी पेढे वाटले गेले. पेढेवाल्याने सांगितलं होतं, दोन वर्षांत संपवा.

धोनी आला आणि दुष्काळही आला. लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागत होतं, अशा वेळी मैदानावर पाणी मारायचं हे आमच्या आईलाही पटत नव्हतं. उच्च न्यायालयाने मेमधले सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. बरोबरच सांगितलं. फक्त त्यामुळे पुण्याच्या संघाचं घरचं मैदान झालं विशाखापट्टणम. धोनीने पंजाबविरुद्ध शेवटच्या षटकात २३ धावा हव्या असताना जो सामना जिंकून दिला, तो आमच्या 'घरी' झाला आणि आम्ही तो पुण्याहून टीव्हीवर बघितला. संघ त्या वर्षी आठांत सातवा आला.

पुढच्या वर्षी धोनीला कर्णधारपदावरून काढून स्टीव्ह स्मिथला केलं. बाबांना ते फार लागलं. "धोनीला एका वर्षात काढलं? आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी काढायला सहा वर्षं लागली." शिवाय संघाच्या नावातला एक 'स' काढला. 'रायझिंग पुणे सुपरजायंट्स'चं 'रायझिंग पुणे सुपरजायंट' झालं. कुणी हसेल, पण तो 'स' गेला आणि आम्ही जिंकायला लागलो. मुंबईला साखळीत दोनदा हरवलं. मग पात्रता फेरीत वानखेडेवर जाऊन तिसऱ्यांदा हरवलं. माझी वहिनी दादरची. त्या महिन्याभरात बाबांनी तिच्याशी जितकं प्रेमाने बोलून घेतलं, तितकं तिच्या लग्नातही बोलले नव्हते.

२१ मे २०१७. हैदराबादेत अंतिम सामना, समोर पुन्हा मुंबई. त्यांचे ७ बाद ७९. वहिनी उठून आत गेली, तर बाबा म्हणाले, "बस गं, शेवटपर्यंत बघावं, खिलाडूवृत्ती पाहिजे." ती खिलाडूवृत्तीने परत येऊन बसली. कृणाल पंड्याने ४७ काढल्या आणि मुंबई १२९ वर थांबली. म्हणजे १३०. एकशेतीस! वरच्या मजल्यावरचे काका आमरसाची वाटी घेऊनच खाली आले. स्मिथ आणि अजिंक्य रहाणे आरामात खेळत होते. सामना कधी आणि कसा हातून सुटायला लागला ते मला अजून नीट सांगता येत नाही. पेंग यावी तशी षटकं गेली.

शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या, चेंडू मिचेल जॉन्सनच्या हातात. आई नेमकी त्याच वेळी विरजण लावायला उठली. बाबांनी नजर टीव्हीवरून न काढता नुसता हात वर केला, "हलू नकोस. तू तिथे आहेस तोवर आपण आहोत." आई कोमट दुधाचं पातेलं धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीचा चौकार. काकांनी माझ्या पाठीत असा काही धपाटा मारला की आमरस माझ्या शर्टावर. पाच चेंडूंत सात. दुसऱ्या चेंडूवर तिवारी गेला. तिसऱ्यावर स्मिथ गेला. मग एक, मग दोन. आता एका चेंडूत चार.

फटका बसला, चेंडू लेग साइडला गेला, क्षेत्ररक्षकाच्या हातून निसटला आणि आम्ही सगळे उठून उभे राहिलो. दोन पळाल्या. तिसरी पळाली असती तर बरोबरी होती. तिसरी पळता पळता धावबाद.

एका धावेने.

खोलीत कुणी बोललं नाही. वहिनी टाळी वाजवायला उचललेले हात तसेच खाली घेऊन पदर नीट करायला लागली. मी तिला त्याबद्दल आजही मानतो. काका रिकामी वाटी घेऊन वर गेले. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "आता हलू का?" तोपर्यंत दूध पार गार झालं होतं. दुसऱ्या दिवशी दही लागलं नाही. बाबांनी पेपर घडीसुद्धा न मोडता रद्दीत टाकला आणि तीन दिवस दाढी केली नाही. आमच्या घरात याला अजून सुतकच म्हणतात.

मग बदलीची मुदत संपली आणि खरे वर्गशिक्षक परत आले. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणंही राहिलं नाही. पण गंमत पुढेच आहे. २०१८ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून आंदोलन पेटलं आणि चेन्नईचे घरचे सामने हलवायची वेळ आली. कुठे हलवले? पुण्याला! ज्यांच्या खुर्चीत आम्ही दोन वर्षं बसलो होतो, ते आमच्याच गहुंज्यात येऊन बसले. चेन्नईहून चाहत्यांसाठी खास रेल्वेगाडी सोडली गेली, 'व्हिसल पोडू एक्स्प्रेस', म्हणजे 'शिट्टी वाजव एक्स्प्रेस'. राजस्थानविरुद्धच्या त्या पहिल्या सामन्याला मी गेलो होतो. चहूकडे चेन्नईचं पिवळं. मी निळसर चौकटीच्या शर्टात, हळदीच्या कार्यक्रमात चुकून शिरलेल्या विमा एजंटासारखा. शेजारी गाडीतून आलेले एक पांढऱ्या मिशांचे आजोबा होते. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि खिशातून एक जादाची शिट्टी काढून दिली. भाषा कळण्याचा प्रश्नच नव्हता. शेन वॉटसनने त्या रात्री १०६ केल्या आणि मी माझ्या गावच्या मैदानावर, पाहुण्याने दिलेली शिट्टी गाल दुखेपर्यंत वाजवली. घरी आल्यावर बाबांना सांगितलं नाही. शिट्टी अजून टेबलाच्या खणात आहे.

तर आता आमचं असं आहे. संघ नाही, माणसं आहेत. पिंपरी-चिंचवडचा ऋतुराज गायकवाड चेन्नईला जाऊन तिथला कर्णधार झाला. आई त्याच्याबद्दल सासरी नांदणाऱ्या लेकीबद्दल बोलावं तसं बोलते, "खुशाल आहे ना तिकडे? मग झालं." रहाणे मुंबई, राजस्थान, पुणे, पुन्हा राजस्थान, दिल्ली, कोलकाता, चेन्नई करून परत कोलकात्याला गेला. बदलीची नोकरी काय असते हे तलाठ्याच्या खालोखाल त्याला ठाऊक. तो ज्या संघात असेल त्या संघाला आमच्याकडे दहा गुण आधीच मिळतात. लिलावात कुणाला २७ कोटी मिळाले की बाबा त्याच्यावर डूख धरतात. याउलट २०२५ मध्ये चौदा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीने जयपूरला ३५ चेंडूंत शतक ठोकलं, तेव्हा त्या मोसमापुरतं राजस्थानचं पारडं आमच्या घरी जड झालं. आईचा नियम सगळ्यात सोपा. जो हरतोय तो आपला. त्यामुळे ती एका सामन्यात चार वेळा बाजू बदलते आणि तिचं कधीच काही बिघडत नाही.

२०२५ चा अंतिम सामना मात्र अवघड गेला. बंगळुरू आणि पंजाब. दोघेही २००८ पासूनचे, दोघांनीही तोवर एकदासुद्धा करंडक उचललेला नव्हता. टॉस झाला तरी बाबांचा प्रश्न येईना. शेवटी मीच विचारलं, "आज कोणाकडून?" ते म्हणाले, "थांब, ठरवतोय." दहा षटकं झाली, पंधरा झाली, डाव बदलला, तरी ठरेना. शेवटच्या षटकात सामना हातात आल्यासारखा दिसला आणि बंगळुरूचा कोहली सीमारेषेजवळ डोळे पुसताना दिसला. अठरा वर्षं एकाच संघात काढलेला माणूस. बाबा खुर्चीत पुढे सरकले. पंजाबच्या शशांक सिंगने षटकार मारले तसे आणखी पुढे सरकले, पण बंगळुरू सहा धावांनी जिंकली.

"सहा," बाबा म्हणाले. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "सहा म्हणजे खूप झाल्या."

वहिनीने माझ्याकडे बघितलं, मी वहिनीकडे. आतून आईने विचारलं, "संपली का रे? विरजण लावायचंय."