हर्णे, माघ शुद्ध द्वितीया

घड्याळ खिशात राहिलं तरी चालेल, हर्णेत तिथी पाठ हवी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आज द्वितीया, म्हणजे दोनाचे दीड. दुपारी दीडच्या सुमारास भरती, साडेसातला ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो. अमावस्या नुकतीच गेल्यामुळे समुद्राला अजून उधाण आहे. भरती जशी वर चढते तसंच ओहोटीला पाणी लांब जातं, हे किल्ल्याला जाणाऱ्यानं आणि मासळी घेणाऱ्यानंही ध्यानात ठेवावं.

दापोलीहून सोळा-सतरा किलोमीटर. बहुतेक पर्यटक भर दुपारी पोचतात, रिकामी वाळू आणि सुकत घातलेली जाळी बघतात नि वास येतो म्हणून निघून जातात. हर्णे बघायचं ते संध्याकाळी, लिलावाला. चारनंतर होड्या येऊ लागतात. किनारा उथळ, त्यामुळे त्या आत उभ्या राहतात आणि बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी बाहेर आणतात. पाणी बैलांच्या पोटाला लागतं. गाडीच्या वाटेत फोटोसाठी उभं राहू नये. ओल्या वाळूत भरली गाडी एकदा थांबली की चाक रुततं, आणि मग जे ऐकून घ्यावं लागतं ते रास्तच असतं.

लिलाव ढिगाचा असतो. दोन पापलेटांसाठी मध्ये बोलू नये. बोली संपली की तिथंच बसलेल्या कोळणींकडून वाटा घ्यावा. पापलेटचा कल्ला दाबला की पांढरट पाणी यायला हवं, लालसर आलं तर ठेवून द्या. सुरमईचा डोळा फुगीर हवा, बोट दाबल्यावर पडलेला खळगा लगेच भरायला हवा.

लोक खरे फसतात ते परतीच्या वाटेवर. मासळी पिशवीत गाठ मारून डिकीत टाकली की वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात ती भिजत राहते आणि मांस पिठूळ होतं. पोट साफ करून घ्यावं, थर्माकोलच्या पेटीत बर्फाचा चुरा आणि मासळी थरावर थर लावावी, खाली पाणी निघायला भोक ठेवावं. किलोला किलो बर्फ धरावा, कंजुषी नको. कोळंबीची डोकी तिथंच काढावीत, आधी तीच काळी पडतात. ओले बोंबील पुण्या-मुंबईला न्यायच्या फंदात पडूच नये, त्यांत पाणीच फार. त्याच रात्री दापोलीत तळून खावेत.

सुवर्णदुर्ग समोर पाण्यात दिसतो. १७५५ मध्ये पेशव्यांशी हातमिळवणी करून इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. होडी ठरवून जाता येतं, पण उतरताना पाय भिजतात. पॅन्ट दुमडावी आणि प्यायचं पाणी सोबत न्यावं. महादरवाजाच्या पायरीवरचं कासव नि बाजूच्या तटावरचा मारुती घाईत राहून जातात. वारा वाढलाय असं होडीवाला म्हणाला तर हुज्जत घालू नये, किनाऱ्यावरच्याच कनकदुर्ग किल्ल्यावर चढावं. तिथं बुरुजाखेरीज फारसं उरलेलं नाही, पण खाली सगळं बंदर आणि समोर सुवर्णदुर्ग एका नजरेत येतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेव्हा होड्या वर ओढलेल्या, झापांनी झाकलेल्या असतात. लिलावाच्या आशेनं त्या दिवसांत येऊ नये.