टाचणी, शंभर घरं आणि तिसरी पेटी

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या बाजूला आमच्या घरामागं, काजूच्या सावलीत सातेरी या देशी मधमाशीच्या तीन जुन्या पेट्या आहेत. आधी चार होत्या. चौथी गेल्या हिवाळ्यात गेली. फ्रेम उचलली तर अळ्या घरात ताठ, डोकं वर करून मेलेल्या. चिमट्यानं एक ओढली, तर पाणी भरलेली पिशवीच बाहेर आली. थाई सॅकब्रूड. विषाणूचा रोग, औषध नाही. १९९१-९२ च्या सुमारास हाच रोग कर्नाटकात पसरला आणि सातेरीच्या बहुतेक वसाहती बसल्या. त्यात आबांच्याही गेल्या. पुढं कितीतरी वर्षं त्यांनी पेटीला हात लावला नाही.

ओळखीचे एक जुने मधपाळ म्हणाले, "औषध शोधू नको, माश्या शोध." काही वसाहती आजारी पिल्लू झाकणाआडूनही वासानं ओळखतात, झाकण फोडून ते उपसून बाहेर टाकतात. रोग पसरायला जागाच उरत नाही. अशी वसाहत ओळखायची आणि तिच्यापासून पुढच्या पेट्या करायच्या.

ओळखायची रीत साधी, निदान ऐकायला. झाकलेल्या पिल्लांची शंभर घरं निवडायची, आतला कोष पांढरा आणि डोळे जेमतेम गुलाबी झालेले असताना. प्रत्येक झाकणातून बारीक टाचणी आत घालून कोष मारायचा आणि चोवीस तासांनी किती घरं रिकामी झाली ते मोजायचं. पंचाण्णवच्या वर गेली, आणि तीही दोनदा, तर वसाहत स्वच्छ.

पहिल्या वेळी मी खूणच केली नाही. दुसऱ्या दिवशी फ्रेम हातात घेऊन उभा, आणि टोचलेला कोपरा कुठला हेच कळेना. पुढच्या वेळी चारी कोपऱ्यांना रंगीत डोक्याच्या टाचण्या खोचल्या. आजी ओसरीवरून बघत होती. "काय करूलालास रे, माश्यांस्नी टोचूलालास?" पिल्लांना टोचतोय हे सांगायचं धाडस झालं नाही.

आकडे आले: पहिली पेटी ८८, दुसरी ५४, तिसरी ९७.

तिसरी! हिच्या पोळ्यावर पिल्लांच्या मधेमधे रिकामी भोकं दिसायची, म्हणून राणी कमजोर समजून मी ती बदलायला निघालो होतो. दुसरीचं पोळं कसं, भरगच्च, बघणाऱ्यानं वाहवा करावी असं. भोकं राणीच्या दोषानंही पडतात, म्हणून नुसत्या नजरेवर निकाल देऊ नये. पण इथं माश्याच घरं उपसत होत्या. त्या संध्याकाळी दाराशी बसलो, तर एक कामकरी पांढरा कोष मानेला धरून ओढत फळीच्या कडेपर्यंत आली, थोडी थांबली आणि तो खाली ढकलून आत गेली. खाली मुंग्या तयारच होत्या.

तीन आठवड्यांनी पुन्हा टोचलं. तिसरी ९६.

या चाचणीलाही खोट आहे. टोचल्यावर कोषातला रस झाकणाला लागतो, त्या वासानंही माश्या धावतात. द्रवरूप नायट्रोजननं गोठवून मारलेल्या पिल्लांवरची चाचणी जास्त भरवशाची. गुरांच्या दवाखान्यात रेतनासाठी नायट्रोजन असतोच, पण माश्यांसाठी मागायला जायचं कसं, हे अजून ठरत नाही.

हा गुण आनुवंशिक आहे. १९६४ मध्ये रोथेनब्यूलर या अमेरिकन संशोधकानं मांडलं, की झाकण फोडणं आणि पिल्लू काढणं यांची जनुकं वेगळी. त्याच्या काही वसाहती झाकण फोडत नव्हत्या, पण त्यानं स्वतः उघडून दिलं की मेलेलं पिल्लू काढायच्या. आता यामागं पुष्कळ जनुकं आहेत असं मानतात. शिवाय राणी उडत जाऊन अनेक नरांशी संग करते. आसपासचे नर कुठल्या वसाहतीचे, ते माझ्या हातात थोडंच आहे?

तरी माघात तिसरीची फोड केली, म्हणजे तिच्यातल्या माश्या वाटून नवी पेटी केली. नवी राणी अंडी घालतेय. तिथल्या जुन्या राणीच्या कामकरी माश्या संपल्या की नव्या राणीच्या पिल्लांवर टाचणी. दुसरी पेटी मात्र मोडवत नाही. मध तीच जास्त देते.