कंपालाचा रोलेक्स घरच्या तव्यावर: माझा अनुभव

नोकरीनिमित्त कंपालात राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सहकाऱ्यांनी मला दुपारी ‘रोलेक्स’ खायला नेले. या पदार्थाचा घड्याळाशी काही संबंध नाही. ‘रोल्ड एग्ज’ हे इंग्रजी शब्द भरभर उच्चारले जाऊन हे नाव झाले, असे तिथे सगळेच सांगतात. चपातीला चिकटलेले भाज्यांचे ऑम्लेट, त्यावर कच्च्या टोमॅटोच्या चकत्या आणि मीठ, आणि हे सारे घट्ट गुंडाळून कागदात दिलेले, एवढाच हा पदार्थ. त्याचे मूळ युगांडाच्या पूर्वेकडील बुसोगा भागात मानले जाते आणि मेकेरेरे विद्यापीठालगतच्या वांदेगेया भागातील विद्यार्थ्यांनी तो कंपालात रुजवला, असे म्हणतात. मला तो इतका आवडला की घरी करून पाहिल्याशिवाय राहवेना.

चपाती हा शब्द ओळखीचा, त्यामुळे मी निर्धास्त होतो. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधण्यासाठी ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर आणले, पाठोपाठ व्यापारीही आले, आणि या लोकांबरोबर चपाती पूर्व आफ्रिकेत पोहोचली. मात्र तिथे गेल्यावर ती बदलली, हे माझ्या लक्षात आले नव्हते. पहिल्या खेपेस मी घरातल्या गव्हाच्या पोळ्या घेतल्या आणि गुंडाळताना त्या मधोमध तडकल्या. दुसऱ्या खेपेस पोळ्या ताज्या होत्या, पण ऑम्लेट वेगळे भाजून आत ठेवले होते. पहिल्याच घासाला ते मागच्या बाजूने निसटून ताटात पडले. तिसऱ्या वेळी टोमॅटो अंड्यातच चिरून घातले. त्यांना पाणी सुटले आणि ऑम्लेट नीट धरलेच नाही.

शेवटी मी घराजवळच्या विक्रेत्याकडे जाऊन उभा राहिलो. गर्दी नसताना त्याने आनंदाने सगळे दाखवले. आम्ही दोघेही एकमेकांना ‘सेबो’ म्हणत असू, कारण लुगांडा भाषेत पुरुषाला आदराने असेच संबोधतात. त्याच्या कोळशाच्या चुलीला तिथे ‘सिगिरी’ म्हणतात, आणि तो शब्द कानावर पडला की मला दर वेळी शेगडी आठवते. त्याचे पीठ मैद्याचे होते आणि आपण पोळीला वापरतो त्याच्या कितीतरी पट तेल त्यात जात होते. चपाती लाटून, तिला तेल लावून तो तिची सुरळी करी, ती सुरळी शंखासारखी वळून बाजूला ठेवी आणि थोड्या वेळाने पुन्हा लाटी. त्यामुळे चपातीला पदर सुटतात आणि ती गार झाली तरी गुंडाळताना मोडत नाही.

घरी आता माझे प्रमाण ठरले आहे. ४०० ग्रॅम मैदा, एक चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि साधारण २५० मिलिलिटर कोमट पाणी घेऊन पीठ दहा मिनिटे चांगले तिंबतो आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवतो. याचे सहा उंडे होतात. वळलेले शंख आणखी पंधरा मिनिटे विसावू दिले नाहीत, तर लाटताना चपाती आक्रसत राहते, म्हणून इथे घाई करू नये. चपात्या भरपूर तेलावर दोन्ही बाजूंनी भाजून एकावर एक झाकून ठेवायच्या, म्हणजे त्या वाफेने मऊ राहतात. (याच चपातीचे तुकडे करून त्यावर शिजवलेल्या घेवड्याच्या बिया घातल्या की त्याला ‘किकोमांडो’ म्हणतात, तोही तितकाच पोटभरीचा.)

खरी गोम अंड्यात आहे. एका रोलेक्सला दोन अंडी, अगदी बारीक चिरलेला कोबी, कांदा आणि ढोबळी मिरची, आणि चवीपुरते मीठ, हे सारे मगमध्ये फेटून तापलेल्या तव्यावर चपातीच्याच आकारात पसरायचे. खालची बाजू धरली, पण वरचा थर अजून ओला आहे, अशा वेळी चपाती त्यावर ठेवून हाताने दाबायची. तो ओला थर शिजताना चपातीला चिकटतो आणि दोन्हींचा एक जीव होतो. माझे दुसऱ्या खेपेचे ऑम्लेट निसटले ते नेमके हे न झाल्यामुळे. मग सगळे एकत्र उलटून, अंडे वर आले की त्यावर टोमॅटोच्या पातळ चकत्या मांडायच्या, मीठ भुरभुरायचे आणि तव्यावरच गुंडाळायचे.

पाचव्या प्रयत्नातला रोलेक्स मी कागदात गुंडाळून त्या विक्रेत्याला नेऊन दिला. त्याने कड बोटांनी दाबून पाहिली, अर्धा खाल्ला आणि चपातीला तेल कमी पडले आहे असे सांगितले. तेव्हापासून सुरळी करण्याआधी मी प्रत्येक चपातीला एक चमचा तेल जास्त लावतो.